सॉफ्टवेअरचे फाइलस्थान (लिनक्स)

सॉफ्टवेअरचे फाइलस्थान : बसवलेल्या प्रोग्रॅमच्या फायली डिस्कवर जेथे राहतात ते ठिकाण. विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्रॅमला ‘प्रोग्रॅम फाइल्स’खाली स्वतःचे फोल्डर मिळते. लिनक्समध्ये फायलींची वाटणी प्रकारानुसार होते : चालवायची फाइल /यूएसआर/बिनमध्ये, लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) /यूएसआर/लिबमध्ये, फाँट व चित्रे /यूएसआर/शेअरमध्ये, संगणकभर लागू होणारी सेटिंग /एट्सीमध्ये, लॉग (कामकाजाच्या नोंदी) व बदलता डेटा /व्हारमध्ये. विंडोजवरून आलेला माणूस एकच फोल्डर शोधत राहतो आणि तेथेच अडतो. (मार्ग व आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरे वापरावीत. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळावाच लागतो.)

‘यूएसआर’ या नावाच्या उगमाबद्दल एकमत नाही. ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ हा विस्तार अनेकदा दिला जातो, पण तो मागाहून जुळवलेला दिसतो. युनिक्स ही लिनक्सला नमुना ठरलेली जुनी प्रणाली. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतील आरंभीच्या युनिक्समध्ये या डिरेक्टरीत (फोल्डरात) वापरकर्त्यांच्याच डिरेक्टऱ्या होत्या. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांच्या १९७२ च्या सुमाराच्या टिपणांनुसार ती मोठ्या पण संथ डिस्कवर होती आणि बाकीच्या फायली लहान, वेगवान डिस्कवर. त्यामुळे ‘यूझर’चा संक्षेप हे मत अधिक ग्राह्य ठरते. लहान डिस्क भरल्यावर प्रणालीचे प्रोग्रॅमही मोठ्या डिस्कवर गेले आणि /बिन व /यूएसआर/बिन अशी जोडी झाली, असे सामान्यतः मानतात. लिनक्ससाठी फायलींच्या रचनेचे मानक १९९४ मध्ये आले, त्याची ३.० आवृत्ती २०१५ ची. लिनक्सच्या वितरणांपैकी (तयार आवृत्त्यांपैकी) फेडोरा १७ ने (२०१२) ही जोडी एकत्र केली, डेबियन १२ ने (२०२३) ते सक्तीचे केले.

या इतिहासाचा त्रास प्रत्यक्ष कामात होतो. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूच्या २०.०४ आवृत्तीत ‘व्हिच एलएस’ असे (फायलींची यादी देणारी ‘एलएस’ ही आज्ञा कोठे आहे, हे) विचारले की /यूएसआर/बिन/एलएस असे उत्तर येते. तोच मार्ग ‘डीपीकेजी -एस’ला (कॅपिटल एस; फाइल कोणत्या पॅकेजची, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोणत्या गठ्ठ्यातली, हे सांगणारी आज्ञा) दिला की ‘मार्ग सापडला नाही’ असे कळते. फाइल जागेवरच असते, मात्र पॅकेजच्या नोंदीत तिचा मार्ग जुन्या पद्धतीने /बिन/एलएस असा लिहिलेला असतो. तो दिला की पॅकेजचे नाव मिळते.

शोधाचा भरवशाचा मार्ग म्हणजे पॅकेज व्यवस्थेची नोंदवही. डेबियन व उबुंटूवर ‘डीपीकेजी -एल’ आणि पॅकेजचे नाव दिल्यास प्रत्येक फाइलचा मार्ग मिळतो. येथे कॅपिटल एल हवा. लहान एल दिल्यास फायलींऐवजी पॅकेजांची यादी येते. फेडोरावर ‘आरपीएम -क्यूएल’. व्यक्तिगत सेटिंग या नोंदवहीत नसते, ती होममधील (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील) .कॉन्फिगसारख्या, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत असते. ती बहुतेक फाइल मॅनेजरांत कंट्रोल-एच दाबून दिसतात.

स्नॅप व फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम बसवण्याच्या वेगळ्या पद्धती ही शिस्त पाळत नाहीत. उबुंटू २२.०४ व पुढील आवृत्त्यांत फायरफॉक्स हा ब्राउझर स्नॅप म्हणून येतो आणि त्याचे प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग वगैरे) होममधील स्नॅप/फायरफॉक्स/कॉमनखाली राहते. जुने प्रोफाइल नेहमीच्या .मोझिलात टाकले तर बुकमार्क दिसत नाहीत. फ्लॅटपॅकचा व्यक्तिगत डेटा होममधील .व्हार/ॲपखाली असतो.

मराठी कामात पहिली अडचण फाँटची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. आता नागपुरात महालातल्या किंवा बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानात जुन्या संगणकावर लिनक्स टाकले, तर मंगल फाँट तेथे आयता नसतो. मंगलमधला मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) असल्याने दुसऱ्या देवनागरी फाँटमध्ये वाचता येतो, फक्त ओळी व पाने सरकतात. कृतीदेवमधली लग्नपत्रिका मात्र रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडते, कारण त्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. परवाना असलेल्या फाँटची टीटीएफ फाइल होममधील .लोकल/शेअर/फाँट्समध्ये ठेवावी (फोल्डर नसल्यास तयार करावे), फाँटची यादी ताजी करणारे ‘एफसी-कॅश -एफ’ चालवावे आणि लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून उघडावे. फाँट नोंदला गेला का, हे ‘एफसी-लिस्ट’च्या यादीत दिसते.