गाडीतला खट् आणि मळ्यातला स्टार्टर

तासगावकडच्या द्राक्षबागेत रात्री लाइट आली की शेतकरी पेटीतलं हिरवं बटण दाबतो, 'खट्' होतं आणि मोटर पाणी ओढू लागते. तो खट् स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या दणकट स्विचचा. इलेक्ट्रिक कार सुरू करताना कान दिला तर तसाच आवाज पायाखालून येतो, बहुधा दोन-तीनदा. तोही कॉन्टॅक्टरच. मळ्यातली थ्री फेज 415 व्होल्टची, बऱ्याच कारची बॅटरी 300 ते 400 व्होल्टची. मग मळ्यातला स्टार्टर गाडीला का चालू नये?

खरी अडचण चालू करताना नाही, बंद करताना येते. कॉन्टॅक्टरमधले पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे धातूचे तुकडे, सुटले तरी मधल्या फटीत धातूची वाफ आणि तापलेली हवा असते. तिच्यातून वीज वाहतच राहते आणि लख्ख ज्योत उठते. हाच आर्क. मळ्यातली वीज एसी, 50 हर्ट्झची. तिचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तेवढ्यात ज्योतीचा दम जातो. पॉइंट काळे पडण्यावर भागतं. बॅटरीची डीसी वीज असा दम घेत नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डरची ज्योत 20-30 व्होल्टवर खुशाल जळत राहते. इथे तर 350 आहेत!

म्हणून गाडीच्या कॉन्टॅक्टरमध्ये पॉइंटांशेजारी लोहचुंबक असतो. दहावीतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा: चुंबक ज्योतीला बाजूला ढकलतो. ती ताणली जाते, आणि जितकी लांब तितके जास्त व्होल्ट मागते. मागणी बॅटरीच्या ऐपतीबाहेर गेली की विझते. शिवाय बऱ्याच कॉन्टॅक्टरांत पॉइंट हवाबंद डबीत, हायड्रोजन असलेल्या वायूत ठेवतात. नाव ऐकून दचकायला होतं, पण आत ऑक्सिजनच नाही तर पेटणार काय? हायड्रोजन हवेच्या सुमारे 7 पट झपाट्याने उष्णता ओढून घेतो.

यातही एक मेख आहे. कासहून यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यात उतरताना मोटरच जनित्र होते आणि प्रवाह उलटा, बॅटरीकडे वाहतो. मग चुंबकही ज्योतीला उलट्या बाजूला ढकलणार. गाडीचा कॉन्टॅक्टर निवडताना दोन्ही दिशांचा विचार करावा लागतो तो यामुळे.

आता ते दोन-तीन खट्. बॅटरीची डीसी मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो. तो रिकामा असताना बॅटरीला थेट जोडला तर क्षणभर शॉर्ट सर्किटच. पॉइंट वितळून चिकटायचे. म्हणून आधी रिले नावाचा एक छोटा स्विच प्रवाह अडवणाऱ्या रोधामार्फत कपॅसिटर भरतो. 400 व्होल्ट आणि 40 ओहम धरले तर प्रवाह 10 अँपिअरच्या वर जात नाही, आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 0.2 सेकंदात 99 टक्के भरतो. त्यानंतर मोठा पॉइंट जुळतो. धन आणि ऋण बाजूंना वेगवेगळे कॉन्टॅक्टर असतात, एक चिकटला तरी दुसऱ्याने तोडता यावं म्हणून.

या सगळ्यांची पॉइंट ओढून जुळवणारी कॉइल चालते मात्र वेगळ्या, छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. तो पुरवठा तुटला की स्प्रिंग पॉइंट उघडते. अपघातात हेच हवं असतं. पण त्यामुळेच ती छोटी बॅटरी उतरली, तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही खट् होत नाही आणि गाडी दारातच उभी राहते.