मोटरची खडखड: दात तुटलाय की तार सुटलीये?

रोबोट सरावात नीट पळत असतो आणि मध्येच एका चाकापाशी खडखड सुरू होते. पहिला हात जातो तो गिअरबॉक्स खोलायच्या अ‍ॅलन कीकडे. आम्हीही तेच केलं होतं. रोबोकॉन या रोबोट स्पर्धेच्या आदल्या रात्री दोन तास घालवून गिअरबॉक्स खोलला, गिअर धुतले, नवं ग्रीस भरलं. आवाज जसाच्या तसा. शेवटी सापडलं ते भलतंच. मोटरमधल्या हॉल सेन्सरच्या (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरच्या) पाच बारीक तारांच्या कनेक्टरमधली एक पिन मागे सरकली होती. ती पुढे ढकलली आणि खडखड थांबली.

ही फसगत का होते, हे समजून घेण्यासारखं आहे. ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या, मोटरमधला रोटर (फिरणारा भाग) नेमका कुठे आहे, हे तीन हॉल सेन्सर ड्रायव्हरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, सांगतात आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर सहा टप्प्यांत वाइंडिंगला (तारेच्या वेटोळ्यांना) करंट देतो. एक सेन्सर गप्प झाला की काही टप्पे चुकतात आणि रोटर झटके खातो. गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा असतेच. प्रत्येक झटक्याला दात एकमेकांवर आपटतात. म्हणजे आवाज खरोखरच गिअरबॉक्समधून येतो, दुखणं मात्र तारेत असतं. नुसत्या कानावर भिस्त ठेवली तर हमखास चुकणार.

म्हणून आधी रोबोट ठोकळ्यांवर उचलून चाकं अधांतरी करा. ड्रायव्हरचा ब्रेक मोड (करंट तोडताच मोटर थांबवणारी सेटिंग) बंद करा, मोटरला वेग द्या आणि एकदम करंट तोडा. चाक अजून फिरतंय, पण खडखड त्याच क्षणी थांबली, तर संशय आधी वायरिंगवर घ्या. चाकाबरोबर आवाजही हळूहळू मंदावत गेला, तर दोष गिअर किंवा बेअरिंगचा. एक अपवाद लक्षात ठेवा: झिजलेले दात कधीकधी फक्त लोडखाली वाजतात, त्यामुळे पुढची परीक्षाही घ्याच.

बॅटरी काढा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. ब्रशलेस मोटर चुंबकांमुळे मुळातच टप्प्याटप्प्याने अडते. ते अडणं सगळीकडे सारखं असेल तर काळजी नको. नवी मुलं यालाच खराब बेअरिंग समजतात. खराब बेअरिंग वाळू भरल्यासारखं खरखरतं. तुटलेला दात दर फेऱ्याला त्याच जागी अडतो. शाफ्टवर मार्करने खूण केली की लगेच कळतं.

कोणता गिअर, हे मोजून काढता येतं. गिअरबॉक्स 10:1 चा असेल आणि मोटर मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर मोटरचा शाफ्ट सेकंदाला 100 वेळा फिरतो आणि बाहेरचा 10 वेळा. पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) दात गेला असेल तर टकटक इतकी दाट होते की घरघर ऐकू येते. वेग कमी करून मोजा: चाकाच्या एका फेऱ्याला एकच टक आली, तर शेवटचा गिअर पाहा.

तारेच्या दोषाची आणखी एक खूण सुरुवातीलाच दिसते. मोटर जागच्या जागी थरथरते, निघत नाही आणि थोड्याच वेळात तापते. अशा वेळी थ्रॉटल वाढवू नका, वाइंडिंग जळेल. दुसऱ्या चाकाचा चालू ड्रायव्हर तिला जोडून पाहा. थरथर मोटरबरोबर आली तर मोटर, तिचा सेन्सर किंवा तिची केबल तपासा. मोटर सुरळीत चालली तर जुना ड्रायव्हर किंवा त्याची जोडणी.

आता आमच्या रोबोटवर सेन्सरची केबल मोटरच्या अगदी जवळ झिप टायने बांधलेली असते. प्रत्येक मॅचआधी एक जण तो कनेक्टर बोटाने दाबून बघतो.