अक्षयनिधी (महाविद्यालयीन)

मुद्दल कायम राखून केवळ व्याज ठरावीक कामी लावण्यासाठी महाविद्यालयाला दिलेली देणगी. सेवानिवृत्त माजी विद्यार्थी ती हयातीत देतात किंवा मृत्युपत्राने ठेवतात.

प्राचीन लेखांत यासाठी ‘अक्षयनीवी’ हा शब्द येतो. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) लेखात ३,००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) नोंद आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २,००० दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४०, आणि चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) वीस भिक्षूंना प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जुळतो. लेखातील ४२ हे वर्ष शकाचे मानल्यास काळ इ.स. १२० च्या सुमाराचा. काही अभ्यासक ते नहपानाचे राज्यवर्ष धरून पहिल्या शतकात नेतात. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आलेला राजा मंबानोस म्हणजे नहपान असेल, तर हे दुसरे मत अधिक पटते.

संस्थांची जुनी नावे मागे पडतात. उदाहरणार्थ, बडोद्यात बडोदा कॉलेज (१८८१) व कलाभवन (१८९०) पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाले. ज्येष्ठांच्या तोंडी मात्र जुनीच नावे असतात आणि तीच मृत्युपत्रात उतरतात. देणगी घेणारी संस्था म्हणून विद्यापीठाचे पूर्ण अधिकृत नाव लिहावे. विद्याशाखा व हेतू त्याखाली.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करून घेणे बरे. खरा घोळ बँकेतल्या मुदत ठेवीचा होतो. नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून तिथे व्यक्तीचेच नाव लागते, संस्थेचे नाही. लेकीचे नाव लावलेले असते आणि मृत्युपत्रात तीच ठेव कॉलेजला दिलेली असते. बँक पैसे लेकीच्या हाती देते, पण तेवढ्याने ती मालक ठरत नाही. म्हणून तिला आधीच सांगून ठेवावे. पावतीचा क्रमांक नूतनीकरणात बदलू शकतो, तेव्हा बँक व शाखा लिहून ‘त्या वेळी शिल्लक असेल ती रक्कम’ असे म्हणावे.

हयातीत दिल्यास ‘कायम मुद्दलात जमा करावी’ असा लेखी निर्देश हवा, नाहीतर रक्कम चालू खर्चात जिरते.

१० लाखांवर ७ टक्क्यांनी ७०,००० व्याज येते. त्यातले २०-२५ हजार मुद्दलात परत घालावेत. ‘दरवर्षी १०१ रुपयांचे पारितोषिक’ अशी ठाम रक्कम लिहिली, की काही दशकांत त्यात एक पुस्तकही येत नाही. व्याजाचा हिस्सा लिहावा. विषयच बंद पडला तर पर्यायी हेतू कोणता, ही एक ओळ असली की सहसा न्यायालयापर्यंत जावे लागत नाही.