परराज्यातील निकाल आणि विमा कंपनी : एक खुलासा

विमा कंपनीविरुद्ध बेळगावच्या दिवाणी न्यायालयात दावा जिंकला, पण कंपनीची मालमत्ता पुण्यात असेल तर पुण्यात नव्याने दावा लावावा लागतो, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असून तो चुकीचा आहे. देशातील दिवाणी न्यायालयांचे अंतिम निकाल कायद्यानुसार भारतात कुठेही अंमलात आणता येतात, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 261(3) सांगतो.

मात्र बेळगावचे न्यायालय पुण्यातील मालमत्ता स्वतः जप्त करू शकत नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 खाली बेळगावच्याच न्यायालयात अर्ज करून हुकूमनामा (म्हणजे निकालाचा अंमलात आणायचा औपचारिक आदेश, डिक्री) पुण्याच्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची प्रत आणि किती रक्कम वसूल व्हायची राहिली याचा दाखला जातो. हा दाखला बारकाईने तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालवताना पुण्याच्या न्यायालयाला, हुकूमनामा जणू आपणच दिला असावा तसे, अंमलबजावणीचे अधिकार मिळतात. मूळ निकाल बरोबर की चूक, हा वाद कंपनीला तिथे उकरून काढता येत नाही.

अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 चा वेगळा मार्ग आहे : न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.