ओव्हरलोड की लो व्होल्टेज? मायक्रोवेव्ह लावला की आरव्हीचा इन्व्हर्टर का बंद पडतो

इन्व्हर्टर २००० वॉटचा, मायक्रोवेव्ह १००० वॉटचा. हिशोब सरळ दिसतो, तरी चाळीस सेकंदांत बीप वाजतो, लाल दिवा लागतो आणि सगळं गप्प होतं. अशा वेळी अमेरिकेतल्या बहुतेक आरव्हीवाल्यांच्या (आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी) डोक्यात पहिला विचार येतो, ‘इन्व्हर्टर छोटा पडला, ३००० वॉटचा घ्यावा.’ मग नवा इन्व्हर्टर येतो, भिंतीला बसतो आणि मायक्रोवेव्ह लावल्यावर जुन्यासारखाच बंद पडतो.

बंद पडण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. पहिलं ओव्हरलोड, म्हणजे १२० व्होल्टच्या, सॉकेटच्या बाजूला झेपेल त्यापेक्षा जास्त मागणी. दुसरं लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे १२ व्होल्टच्या, बॅटरीच्या बाजूने इन्व्हर्टरला पुरेसं खायलाच मिळत नाही. गावाकडच्या घरातल्या इन्व्हर्टरवर या दोन्हींसाठी वेगवेगळे दिवे असतात. आरव्हीतल्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांवर एकच लाल दिवा दोन्ही कामं करतो, नाहीतर एखादा कोड दाखवतो आणि त्याचा अर्थ सांगणारं पुस्तक गाडीच्या कुठल्यातरी कप्प्यात पडलेलं असतं.

ओव्हरलोडचं गणित उपकरणापासून सुरू होतं. मायक्रोवेव्हच्या दारावर लिहिलेले १००० वॉट म्हणजे अन्नापर्यंत पोचणारी ताकद. तो सॉकेटमधून खेचतो १५०० वॉटच्या आसपास. खरा आकडा मागच्या पट्टीवर ‘इनपुट’ म्हणून छापलेला असतो. सुट्या इंडक्शनच्या शेगड्या पूर्ण आचेवर १८०० वॉट घेतात, हेअर ड्रायर १५०० ते १८७५ आणि सहा क्वार्टचा इलेक्ट्रिक कुकर साधारण १०००. मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी कॉफी मेकर लावला की २००० ची हद्द सहज ओलांडली जाते. मिक्सरचा आकडा लहान असला तरी मोटार सुरू होताना क्षणभर बरंच जास्त मागते. इन्व्हर्टरच्या खोक्यावर ‘४००० वॉट सर्ज’ (क्षणिक झटका झेलायची ताकद) लिहिलेलं असतं, पण ती मुभा काही मॉडेलांत एक-दोन सेकंदांची असते, काहींत त्याहूनही कमी. काही कंपन्या आकडा व्होल्ट-अँपिअरमध्ये (व्हीए) देतात. ३००० व्हीएचा इन्व्हर्टर प्रत्यक्षात २४०० वॉटचा असू शकतो, आणि ॲरिझोनातल्या उन्हाळ्यात बंद कप्प्यात तापल्यावर त्याहूनही कमी देतो.

लो व्होल्टेजचं गणित बॅटरीकडून सुरू होतं. ते एकदा नीट समजून घ्यावं, कारण निम्म्याहून जास्त घोळ इथेच असतो. १२ व्होल्टच्या सिस्टिममध्ये इन्व्हर्टरचे तोटे धरून एक सोपी पट्टी लावता येते : वॉटला दहाने भागा, तितके अँपिअर बॅटरीतून निघतात. १५०० वॉटचा मायक्रोवेव्ह म्हणजे दीडशे अँपिअर. एवढा प्रवाह वाहत असताना वाटेतला पाच मिलीओहमचा किरकोळ विरोधसुद्धा पाऊण व्होल्ट खातो. बरेचसे इन्व्हर्टर ११ व्होल्टला ओरडायला लागतात आणि साडेदहाच्या आसपास बंद होतात. बॅटरीच्या पोस्टवर (टर्मिनलवर) ११.६ असले आणि वाटेत एक व्होल्ट गळला, तर इन्व्हर्टरच्या दृष्टीने बॅटरी ‘रिकामी’ झाली. ती प्रत्यक्षात अर्धी भरलेली असली तरी.

यात आणखी एक गोम आहे. इन्व्हर्टर बाहेर १२० व्होल्ट कायम ठेवतो, म्हणजे उपकरणाला लागणारे वॉट कमी होत नाहीत. आत येणारं व्होल्टेज घसरलं की तेवढेच वॉट द्यायला तो जास्त अँपिअर ओढतो, जास्त अँपिअरमुळे व्होल्टेज आणखी घसरतं, त्यामुळे अँपिअर पुन्हा वाढतात. म्हणून ११.२ वर ठीक चाललेला इन्व्हर्टर थोडा लोड वाढल्यावर एकदम कोसळतो.

मीटरआधी डोळे आणि कान

बंद पडायच्या आधी काय झालं ते नीट पाहिलं तर निम्मा निकाल तिथेच लागतो. उपकरण लावताच, एक-दोन सेकंदांत बंद पडलं, आणि सकाळी भरलेल्या बॅटरीवरही तसंच होत असेल, तर संशय ओव्हरलोडवर. काही सेकंद किंवा मिनिटं चाललं आणि मग पडलं, रात्री पडतं पण दुपारी सोलर जोरात असताना पडत नाही, इंजिन चालू ठेवलं तर टिकतं, अशी लक्षणं असतील तर संशय व्होल्टेजवर.

छतावरचा १२ व्होल्टचा पंखा चालू ठेवून मायक्रोवेव्ह लावा. पंख्याचा आवाज खाली बसला आणि इन्व्हर्टर पडल्याबरोबर पुन्हा चढला, तर बॅटरीच दमते आहे. आवाज जसाच्या तसा राहिला, तर एकतर ओव्हरलोड आहे, नाहीतर बॅटरी धडधाकट असून गळती फक्त इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या केबलमध्ये आहे. (एलईडी दिव्यांवर विसंबू नका, अनेकांच्या आत रेग्युलेटर असतो आणि ते मंद होतच नाहीत.) पंखा आणि सगळे दिवे एकदम ठप्प झाले, तर तिसराच प्रकार आहे : लिथियम बॅटरीच्या बीएमएसने (तिचं रक्षण करणाऱ्या आतल्या सर्किटने) किंवा मुख्य ब्रेकरने हात वर केले. १०० अँपिअर-अवरच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांचा बीएमएस सलग १०० अँपिअरच सोडतो. दीडशे मागितले की तो थोड्याच वेळात बॅटरी तोडतो आणि इन्व्हर्टरला ११ सोडा, शून्य व्होल्ट मिळतात. अशी एक बॅटरी मायक्रोवेव्हला पुरत नाही. दोन समांतर हव्यात.

पुन्हा सुरू होण्याची पद्धतही काही सांगते. लो व्होल्टेजने पडलेले बरेच इन्व्हर्टर बॅटरी साडेबाराच्या वर गेली की आपोआप उठतात. ओव्हरलोडवाले दोन-तीनदा प्रयत्न करून थांबतात आणि स्विच बंद-चालू करावा लागतो. मॉडेलप्रमाणे हे बदलतं, म्हणून याला पुरावा न मानता साक्ष मानावी.

हीटरची चाचणी

पक्का निकाल हवा असेल तर २००० वॉटच्या इन्व्हर्टरवर ७५० आणि १५०० वॉट असे दोन टप्पे असलेला साधा स्पेस हीटर लावा. हीटर हे शुद्ध रोधक उपकरण. सर्ज नाही, मोटार नाही, वॉटच्या आकड्यात लपवाछपवी नाही. (पंख्याचा हीटर असला तरी त्याची मोटार इतकी लहान असते की फरक पडत नाही.) धडधाकट २००० वॉटचा इन्व्हर्टर १५०० वॉटच्या हीटरवर बंद पडला तर ते ओव्हरलोड असूच शकत नाही. आणि हीटर पाच मिनिटं सुखाने चालला, पण १५०० वॉटचाच मायक्रोवेव्ह क्षणात पाडत असेल, तर व्होल्टेजला दोष देण्यात अर्थ नाही. मग सुरुवातीचा झटका पाहायचा, किंवा इन्व्हर्टर मॉडिफाइड साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत नसून पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारा) आहे का ते. तसल्या वेव्हवर मायक्रोवेव्ह गुरगुरतो, कमी तापवतो आणि भलताच प्रवाह ओढतो.

चाचणीआधी बॅटरी पूर्ण भरा, शोअर पॉवरचं (कॅम्पग्राउंडवरून येणाऱ्या विजेचं) प्लग काढा, सोलर तोडा आणि तासभर बॅटरीला विश्रांती द्या. बोटातल्या अंगठ्या आणि हातातलं कडं काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण दोन पोस्टमध्ये अडकलेला धातू क्षणात लालबुंद होतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवा. दोन मीटर असतील तर उत्तम : एक बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, दुसरा इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर. टोकं लगवर (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) न टेकवता खुद्द पोस्टवर टेकवायची, नाहीतर ढिला जोड मोजणीतून निसटतो.

समजा, आकडे असे आले. ७५० वॉटवर बॅटरीला १२.४ आणि इन्व्हर्टरला १२.०. हीटर १५०० वर नेला, बॅटरी १२.० आणि इन्व्हर्टर ११.२. आता हे वाचू. प्रवाह साधारण १५० अँपिअर आणि मधल्या वाटेत ०.८ व्होल्ट हरवले, म्हणजे वाटेत पाच मिलीओहमहून थोडा जास्त विरोध. बॅटरी स्वतः ठीक आहे. याच वाटेवर पूर्ण २००० वॉट मागितले तर इन्व्हर्टरपाशी साडेदहाच्या उंबरठ्यावर आकडा येतो, आणि तिथेच तो पडतो. इथे नवा इन्व्हर्टरही नको आणि नवी बॅटरीही नको. दोष केबल आणि जोडांत आहे. उलट बॅटरीच्या पोस्टवरच ११.३ दिसले आणि इन्व्हर्टरवर ११.२, तर केबल निर्दोष आणि बॅटरी एकतर लहान किंवा म्हातारी. मायक्रोवेव्ह लावल्यावर दोन्हीकडे १२ च्या वर असताना इन्व्हर्टर पडला, तर लोडचा हिशोब करायला बसा.

एक सावधगिरी. मल्टिमीटर संथ असतो. मोटार सुरू होतानाचा पाव सेकंदाचा खड्डा तो दाखवतच नाही, म्हणून ‘मिन-मॅक्स’ बटण असलेला मीटर वापरावा.

वाटेतले चोर

केबलमधली गळती शोधायला मीटरचं एक टोक एका जोडाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे ठेवून लोड चालू करा. चांगल्या जोडावर काही मिलीव्होल्ट दिसतात. ०.१ व्होल्ट दिसलं तर चोर सापडला. १५० अँपिअरला एका जोडात अर्धा व्होल्ट गळत असेल तर तिथे ७५ वॉट उष्णता होते आहे, म्हणजे लग हाताला चटका देईल. पांढरट-हिरवट थर, हातोडीने ठोकून बसवलेले लग, लग आणि पोस्टच्या मध्ये घातलेला वॉशर (तो लगच्या वर हवा), स्वस्तातले रीसेट होणारे डीसी ब्रेकर हे नेहमीचे गुन्हेगार. निगेटिव्ह वाट गाडीच्या चेसिसमधून नेली असेल तर ती आधी तपासा.

केबलची जाडी (गेजचा आकडा लहान तितकी केबल जाड, २/० आणि ४/० सगळ्यांत जाडांपैकी) : जाऊन-येऊन २० फुटांच्या ४ गेज केबलचा विरोध जवळपास ५ मिलीओहम, तेवढ्याच २/० गेजचा दीड. दीडशे अँपिअरला पहिलीत पाऊण व्होल्ट जातो, दुसरीत पाव व्होल्टच्याही आत. शिवाय एवढा प्रवाह ४ गेजमधून सतत नेणं धोक्याचंच. २००० वॉटला २/० आणि अंतर वाढलं तर ४/० घ्यावी, आणि फ्यूज इन्व्हर्टरच्या पुस्तकात दिलेला, बहुधा २५० ते ३०० अँपिअरचा क्लास टी (मोठा प्रवाह झटकन तोडणारा प्रकार). ऑनलाइन स्वस्त मिळणारी केबल तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही ना, हे कापलेल्या टोकावर चाकूने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली तर तिचा विरोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट धरा.

लेड-ॲसिड बॅटरीवाल्यांना एक कटू गोष्ट सांगायला हवी. गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे साधारण २२० अँपिअर-अवरवर, मायक्रोवेव्ह चालतो. पण त्या निम्म्याच्या खाली आल्या की चालत नाही, केबल कितीही जाड घाला. जोडीत आणखी एक जोडी टाकली तर जमतं. समांतर जोडताना पॉझिटिव्ह पहिल्या जोडीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या जोडीवरून घ्या, नाहीतर पहिलीच सगळा भार उचलते. कटऑफ साडेदहावरून दहावर नेण्याची सोय काही इन्व्हर्टरमध्ये असते. वाटेत गळती असताना ती वापरली तर बीप थांबतो आणि लग तापत राहतो.

जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात

शोअर पॉवरची केबल थेट इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसणारे बरेच आहेत. त्याने गाडीचं अख्खं पॅनल जिवंत होतं आणि त्यात कन्व्हर्टर-चार्जरही. तो बिचारा त्याच बॅटरीला चार्ज करायला लागतो, जिच्यातून इन्व्हर्टर वीज घेतो आहे. ५५ अँपिअरचा कन्व्हर्टर पूर्ण जोरात ९०० वॉटच्या आसपास खातो. फ्रिज ‘ऑटो’वर असेल तर १२० व्होल्ट दिसताच गॅस सोडून विजेवर येतो, त्याचे ३००-४००. पाण्याच्या गीझरचा विजेचा स्विच चालू राहिला असेल तर आणखी १४०० च्या आसपास. आता मायक्रोवेव्ह लावा : एकीकडे ओव्हरलोड, दुसरीकडे बॅटरी धापा टाकते, आणि कोण आधी पडलं याला महत्त्व उरत नाही. कन्व्हर्टरचा ब्रेकर खाली, फ्रिज गॅसवर, गीझर गॅसवर, आणि मग चाचणी पुन्हा.

छतावरचा एसी हे दुसरं मिश्रण. १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीड हजार वॉटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागतो. त्या क्षणी सर्जची मर्यादाही ओलांडली जाते आणि बॅटरीचा व्होल्टेजही खड्ड्यात जातो. सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू उठवणारं उपकरण) बसवला की पहिली अडचण मिटते. दुसरीसाठी केबल आणि बॅटरी तपासावीच लागते. त्यानंतरही एसी दहा-पंधरा मिनिटांनी, इन्व्हर्टरचा पंखा भणभणत असताना, बंद पडत असेल, तर इन्व्हर्टर तापतो आहे, आणि त्याचा उपाय कप्प्याला हवा देणं हा आहे.