वय-पडताळणी आणि ऑनलाइन पॉर्न

वय-पडताळणी : प्रौढांसाठीचा मजकूर उघडून देण्याआधी समोरची व्यक्ती १८ वर्षांची आहे का, याची खात्री करून घेण्याची व्यवस्था. इंटरनेटवर बरीच वर्षे ही खात्री एका बटणावर भागत होती. ‘मी १८ वर्षांचा आहे’ या चौकोनावर टिचकी मारली की साइट उघडे. दहा वर्षांच्या मुलालाही ते बटण दाबता येते, म्हणून त्याला पडताळणी म्हणण्यात काही अर्थ नव्हता. आता ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतली अनेक राज्ये कायद्याने खरा पुरावा मागतात. त्यामुळे मुले पॉर्नपासून खरोखर दूर राहतात का, हा या नोंदीचा विषय. लहान मुलाने चुकून अशा साइटवर जाऊन पोचणे या तपासणीमुळे बरेच कमी होऊ शकते. ठरवून शोधणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला ती फार काळ थोपवत नाही. आणि मुले ज्या वाटेने आज पॉर्नपर्यंत पोचतात, ती वाट पुष्कळदा पॉर्नच्या साइटवरून जातच नाही.

मुंबईतला जुना प्रयोग

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. २००१ साली इंटरनेटवरच्या अश्लील साइट्सबद्दलचे एक तक्रारपत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे आले. न्यायालयाने त्याची दखल याचिका म्हणून घेतली आणि सप्टेंबर २००१ मध्ये अल्पवयीन मुलांना अशा मजकुरापासून कसे वाचवता येईल, हे सुचवण्यासाठी एक समिती नेमली. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हते. मुले सायबर कॅफेत जात. प्लायवूडच्या आडोशांचे अरुंद कप्पे, तासावर पैसे, आणि कप्प्यात कोण काय पाहतोय ते गल्ल्यावरच्या माणसाला दिसत नसे. समितीने सुचवले, की येणाऱ्याचे फोटो असलेले ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांना कप्प्यात न बसवता मोकळ्या जागेतल्या संगणकावर बसवावे आणि त्या संगणकांत नको त्या साइट्स गाळणारे सॉफ्टवेअर असावे. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारचे सायबर कॅफेंसाठीचे नियम आले. आडोसा जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नको, ओळखपत्र नसलेल्या मुलाबरोबर ओळखपत्र असलेले मोठे माणूस हवे, आणि ग्राहकांची नोंदवही किमान एक वर्ष जपून ठेवावी, असे त्यांत होते.

या नियमांत दोन अगदी वेगळ्या जातीचे उपाय शेजारीशेजारी बसले आहेत. साडेचार फुटांचा आडोसा मुलाला राखतो आणि कुणाबद्दल काहीही लिहून ठेवत नाही. नोंदवही मात्र नाव, पत्ता, वेळ, सगळे लिहून घेते. ती पुढे कुणाच्या हाती पडेल, हे नाव लिहिणाऱ्याच्या हातात नसते. आज जगभर वय-पडताळणीवर जो वाद चालला आहे, तो फिरून फिरून याच फरकापाशी येतो.

तपासणी कशी होते

ब्रिटनची नियामक संस्था ऑफकॉम काही पद्धतींना पुरेशा परिणामकारक मानते. पासपोर्ट किंवा वाहन परवान्याचा फोटो आणि त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी सेल्फी, ही त्यातली सर्वांत सरळ पद्धत. क्रेडिट कार्ड चालते, कारण तिथे ते १८ वर्षांखालच्यांना मिळत नाही; डेबिट कार्ड चालत नाही, कारण ते मुलांकडेही असते. बँक किंवा मोबाइल कंपनी आपल्या नोंदींवरून ‘हा ग्राहक प्रौढ आहे’ एवढेच कळवू शकते. ईमेलचा पत्ता पूर्वी कुठे कुठे वापरला गेला, यावरून अंदाज बांधणारी पद्धतही आहे.

सर्वांत सोपी आणि सर्वांत वादग्रस्त पद्धत म्हणजे चेहऱ्यावरून वयाचा अंदाज. ही चेहरा ओळखण्याहून वेगळी गोष्ट आहे. इथे ‘हा कोण’ हे विचारायचे नसते, ‘हा साधारण किती वर्षांचा’ एवढेच विचारायचे असते. अंदाज मात्र काही वर्षांनी इकडे-तिकडे होतो. अमेरिकेतील निस्ट या मानक संस्थेने २०२४ मध्ये अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा फोटोचा दर्जा, वय, माणूस कुठल्या प्रदेशातला आणि स्त्री की पुरुष, यांनुसार चूक कमी-जास्त होत असल्याचे दिसले, आणि स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत ती जवळजवळ नेहमीच जास्त होती. म्हणून सीमारेषा १८ वर न ठेवता पंचविशीच्या आसपास ठेवतात आणि त्याखाली दिसणाऱ्याकडून कागद मागतात. सतरा आणि एकोणीस यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. शाळेतल्या मास्तरांनाही तो हजेरीपट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, मग कॅमेऱ्याकडून ती अपेक्षा का करावी?

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनने हे दोनदा करून पाहिले. २०१७ च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्यात पॉर्न साइट्सना वय तपासण्याची सक्ती होती. तारखा पुढे ढकलल्या गेल्या. जुलै २०१९ चा मुहूर्त तर युरोपीय आयोगाला नियमांची सूचना द्यायची राहून गेली म्हणून हुकला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने ती योजनाच सोडून दिली. त्यानंतर २०२३ चा ऑनलाइन सेफ्टी कायदा आला आणि २५ जुलै २०२५ पासून तो मुलांच्या बाबतीत कठोरपणे लागू झाला. नियम मोडणाऱ्या कंपनीला १.८ कोटी पौंड किंवा तिच्या जगभरच्या उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तितका दंड होऊ शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये १८ साइट्स चालवणाऱ्या एका कंपनीला १० लाख पौंडांचा दंड झालाही.

पहिल्या काही दिवसांत जे घडले, त्यातच या उपायाची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही दिसले. वय तपासणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने दिवसाला ५० लाख जादा तपासण्या होत असल्याचे सांगितले. पॉर्नहब या सर्वांत मोठ्या साइटवरची ब्रिटनमधली वर्दळ दोन आठवड्यांत जवळपास निम्म्याने घटली. त्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या ॲप स्टोअरच्या यादीत व्हीपीएन ॲप्स सर्वांत वर जाऊन बसली, आणि प्रोटॉन या कंपनीने आपल्याकडच्या नव्या नोंदण्या १,४०० टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर केले. व्हीपीएन लावले की लंडनमधला फोन साइटला दुसऱ्याच देशातला वाटतो आणि तपासणीचे पानच समोर येत नाही. हे करणाऱ्यांत आपले ओळखपत्र पॉर्न साइटला द्यायला तयार नसलेले प्रौढही होते, त्यामुळे हा सगळा आकडा मुलांच्या नावावर टाकता येत नाही. काही पोरांनी आणखी साधी युक्ती काढली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या चेहरा-तपासणीसमोर त्यांनी स्वतःचा चेहरा न धरता ‘डेथ स्ट्रँडिंग’ या व्हिडिओ गेममधल्या दाढीवाल्या नायकाचा चेहरा धरला. गेममध्ये त्या नायकाला तोंड उघडायला, मान वळवायला लावता येते. कॅमेऱ्याने जे जे करायला सांगितले, ते ते नायकाने केले आणि तपासणी पार पडली.

अशा युक्त्या निघाल्या म्हणून सगळा उपाय निकामी ठरवणे मला पटत नाही. व्हीपीएन शोधून बसवणारे मूल आपण काय शोधतो आहोत ते जाणून असते. गृहपाठासाठी एक शब्द शोधताना भलत्याच पानावर जाऊन पडणारे आठ वर्षांचे पोर व्हीपीएन लावत नाही. त्या पोराच्या समोरचे दार बंद राहिले, तर तेवढ्यासाठीही हा खटाटोप करण्याजोगा आहे.

मुलांना पॉर्न कुठे दिसते

इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरने, म्हणजे मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, २०२३ मध्ये १६ ते २१ वयाच्या तरुणांकडून माहिती घेतली. पॉर्न पहिल्यांदा पाहिल्याचे सरासरी वय १३ निघाले. अकराव्या वर्षापर्यंत २७ टक्क्यांनी, तर नवव्या वर्षापर्यंत १० टक्क्यांनी ते पाहिले होते. ७९ टक्क्यांनी १८ पूर्ण होण्याआधी हिंसक पॉर्न पाहिले होते. २०२५ मध्ये, जुलैचे नियम लागू होण्याआधी, हीच पाहणी पुन्हा झाली. तेव्हा चुकून समोर आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३८ वरून ५९ टक्क्यांवर गेले होते.

या पाहणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. पॉर्न दिसण्याचे पहिल्या क्रमांकाचे ठिकाण पॉर्नची साइट नव्हतेच. ते एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर होते. ४५ टक्क्यांनी तिथे पाहिल्याचे सांगितले, आणि खास पॉर्नसाठीच्या साइट्सवर ३५ टक्क्यांनी. म्हणजे आजची मुले पॉर्नकडे जातात त्यापेक्षा पॉर्नच त्यांच्याकडे येते : स्क्रोल करताना, ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून, वर्गातल्या दुसऱ्याने समोर धरलेल्या फोनवर. या शेवटच्या दोन ठिकाणी तर वय विचारायला कुणी उभेच नसते. ब्रिटनच्या कायद्याने सोशल मीडियालाही या कक्षेत घेतले, हे त्याचे मोठे बलस्थान.

अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे इथेच कमी पडतात. टेक्सासच्या २०२३ च्या कायद्यात ज्या साइटवरचा एक तृतीयांशाहून अधिक मजकूर मुलांना हानिकारक लैंगिक स्वरूपाचा आहे, तिनेच वय तपासायचे आहे. सोशल मीडियावर पॉर्न कितीही असले तरी बाकीच्या मजकुराच्या ढिगात ते एक तृतीयांश भरत नाही, म्हणून तो बाहेर राहतो. हा कायदा घटनेशी सुसंगत असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. त्याआधी १९९७ आणि २००४ मध्ये याच न्यायालयाने असे केंद्रीय कायदे प्रौढांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक म्हणून रोखले होते. लुइझियाना हे पहिले राज्य. तिथे १ जानेवारी २०२३ पासून तपासणी सुरू झाली. पुढे संशोधकांनी अशा राज्यांतले गूगलवरचे शोध तपासले, तेव्हा कायदा पाळणाऱ्या सर्वांत मोठ्या साइटचा शोध ५१ टक्क्यांनी घटला होता, पण कायदा न पाळणाऱ्या प्रतिस्पर्धी साइटचा ४८ टक्क्यांनी आणि व्हीपीएनचा सुमारे २४ टक्क्यांनी वाढला होता. गर्दी एका दुकानातून उठून शेजारच्या, जास्त बेफिकीर दुकानात गेली. त्या दुकानात मजकुरावर देखरेख आणखी कमी असेल, तर तिथे पोचलेल्या मुलाचे नुकसानच होते.

नोंदवहीचे काय

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कबूल केले, की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारींसाठी दिलेली ती ओळखपत्रे होती. पॉर्न साइटबाबत असे झाले, तर माणसाचे नाव, चेहरा आणि त्याची सर्वांत खाजगी आवड एकाच ठिकाणी उघडी पडेल. ब्लॅकमेल करणाऱ्याला आणखी काय हवे?

यावर फ्रान्सने काढलेला तोडगा मला सर्वांत विचारपूर्वक वाटतो. तिथे ‘दुहेरी अनामिकता’ हे तत्त्व आहे. वय तपासणाऱ्या संस्थेला माणूस कोण ते कळते, पण तो कुठल्या साइटवर चालला आहे ते कळत नाही; साइटला तो १८ वर्षांवरचा आहे एवढेच कळते, नाव कळत नाही. मधे फक्त एक टोकन, म्हणजे ‘हा प्रौढ आहे’ एवढेच सांगणारी डिजिटल खूण, जाते. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये याच धर्तीच्या ॲपचा आराखडा पुढे आणला आणि डेन्मार्क, ग्रीस, स्पेन, फ्रान्स, इटली यांच्याबरोबर तो करून पाहायला घेतला. पॉर्नहबच्या मालक कंपनीने मात्र ४ जून २०२५ रोजी फ्रान्समधली आपली साइट बंद केली. वय साइटने तपासू नये, फोनमध्येच तपासले जावे, असे तिचे म्हणणे आहे. त्यात जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याचा भाग उघड आहे. तरी फोनमध्ये एकदाच तपासणी झाली तर ओळखपत्रे साइटोसाइटी वाटावी लागणार नाहीत, हेही खरे.

भारतात

भारताने पडताळणीऐवजी बंदीची वाट धरली. ३१ जुलै २०१५ च्या आदेशाने ८५७ साइट्स बंद झाल्या आणि टीका होताच चार-पाच दिवसांत आदेश सैल झाला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट्स पुन्हा बंद करण्यात आल्या; पॉर्नहबने लगेच पत्त्याचा शेवटचा भाग बदलून नवी साइट उघडली. बंदीला मूल आणि प्रौढ हा फरकच माहीत नसतो. पाहणाऱ्याचे वय विचारण्याची तरतूद आहे ती २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत, आणि तीही ओटीटीवरच्या ‘ए’ दर्जाच्या मजकुरापुरती. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत त्यासाठी डिजिलॉकरमधून मिळणारे टोकन चालेल असे म्हटले आहे. म्हणजे नोंदवहीशिवाय वय सिद्ध करण्याचे साधन आपल्या हाताशी येते आहे. पॉर्नसाठी ते वापरा, असे मात्र कुठल्याही नियमात म्हटलेले नाही.

आपल्याकडची खरी अडचण आणखी जवळची आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येत होता, स्वतःचा फोन असलेली मुले त्या मानाने बरीच कमी होती. म्हणजे फोन घराचा असतो. बाबा कामावरून आले की तो त्यांच्या खिशातून निघतो, जेवण होईपर्यंत थोरलीच्या हातात, मग धाकट्याच्या. त्या फोनमधले सिम, बँकेचे ॲप, आधारला जोडलेला क्रमांक, सगळे ४२ वर्षांच्या माणसाचे. साइटने सकाळी वय तपासले तर उत्तर बरोबर येईल, आणि रात्री साडेनऊला पांघरुणात त्याच फोनवर अकरा वर्षांचे बोट फिरत असतानाही तेच उत्तर येईल. अँड्रॉइडमध्ये मुलासाठी वेगळे खाते उघडता येते, काही फोनमध्ये दुसरा वापरकर्ता जोडून त्याला पिन लावता येतो. पण ते घरातल्या कुणीतरी बसून करावे लागते आणि फोन हातात देताना दर वेळी खाते बदलावे लागते.