डायलिसिसला ‘रुग्णाने फक्त पडून राहायचं’? खुलासा

ठाणे, वाशी, ऐरोली, कुठल्याही डायलिसिस केंद्रात हे वाक्य कानावर येतं: “मशीनचं काम टेक्निशियनचं, पेशंटने हात लावला की गडबड.” हे खरं नाही. 1964 पासून लंडन आणि सिएटलमध्ये रुग्ण घरी डायलिसिस करत आले. 2005 मध्ये स्वीडनच्या यॉन्शॉपिंगमध्ये एका रुग्णाने रुग्णालयातच “मला शिकवा” म्हटलं. पुढे इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये रुग्णांना कसं शिकवायचं याचंच प्रशिक्षण नर्सना दिलं गेलं आणि उपचाराचे 14 कामांत भाग पाडले. रुग्णाने झेपतील तेवढीच घ्यायची.

सुरुवात सुईने होत नाही, वजनाने होते. समजा कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 58 किलो, आज काटा 60.4 दाखवतो. वाढ 2.4, शेवटी रक्त परत करताना जाणारं सलाईन आणि चहा-पाणी धरून 0.3. काढायचं पाणी 2.7 लिटर. चार तासांत वाटलं तर ताशी 675 मिली, म्हणजे वजनाच्या किलोमागे ताशी साधारण 11.6 मिली. हा आकडा 13 च्या वर सहसा जाऊ नये. आता चपला आणि खिशातला मोबाईल काट्यावर चढले, की अर्धा किलो जास्त खेचला जातो. मग पोटऱ्यांत गोळे, बीपी खाली. दोष मात्र मशीनला!

सुई निघाल्यावर दोन बोटांनी दहा मिनिटं दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेली वाट; तिची थरथर बोटाखाली लागलीच पाहिजे. फार जोरात दाबलं तर रक्त गोठून फिस्टुला बंद पडू शकतो. रोज सकाळीही ही थरथर चाचपावी. थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी केंद्र गाठायचं.